वाकलेल्या अंगठ्याची मोजणी

पायाचा अंगठा शेजारच्या बोटांकडे कलत जावा आणि त्याच्या मुळाशी, पावलाच्या आतल्या कडेला, हाडाचा उंचवटा दिसू लागावा, हा विकार आपल्याकडे नवा नाही. परंतु त्यावर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी पावलातील हाडांची मांडणी क्ष-किरण चित्रावर अंशांत मोजावी आणि त्या मोजणीच्या आधारे शस्त्रक्रियेचा प्रकार ठरवावा, हा शिरस्ता मात्र पाऊणशे वर्षांपेक्षा फारसा जुना नाही, आणि त्या मोजणीवर कितपत विसंबावे याविषयी अस्थितज्ज्ञांत आजही एकवाक्यता झालेली नाही.

मुळशी तालुक्यातून पाहिले म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व अधिक जाणवते. तालुक्याच्या पूर्वेस हिंजवडी आणि माण येथे दिवसभर बंद बूट घालून बसणारा माहिती-तंत्रज्ञानाचा नोकरवर्ग आहे. पिरंगुटच्या परिसरात जड संरक्षक बूट घालून पाळी करणारे कामगार आहेत. आणि पश्चिमेस ताम्हिणीकडे सरकावे तशी आंबेमोहोराची खाचरे लागतात, जिथे लावणीच्या दिवसांत बाया घोटाभर चिखलात अनवाणी, सकाळपासून दिवस कलेपर्यंत ओणव्याने उभ्या असतात. इतक्या भिन्न रीतीने वापरलेले पाय एकाच तालुक्यात नांदत असताना त्यांच्या हाडांना एकच कोष्टक लावावे काय, या प्रश्नाकडे या लेखाला शेवटी यावयाचे आहे. तत्पूर्वी ते कोष्टक कसे सिद्ध झाले आणि त्याचे कोणते कलम आज वादग्रस्त आहे, याचा क्रमाने विचार करणे इष्ट होईल.

पूर्वपीठिका

जर्मन शल्यविशारद कार्ल ह्यूटर याने १८७०-७१ च्या सुमारास या विकृतीला ‘हॅलक्स व्हॅल्गस’ हे नाव दिले, तेव्हा क्ष-किरणांच्या शोधाला अजून पाव शतकाचा अवकाश होता. उंचवटा म्हणजे वाढलेले हाड, तेवढे तासून टाकले की काम झाले, अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. रुग्ण तर आजही दवाखान्यात येऊन ‘हाड वाढलंय’ असेच सांगतात. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाच्या पावलातील सांगाडा प्रथमच डोळ्यांना दिसू लागला, तेव्हा ध्यानात आले की उंचवट्याचा बराचसा भाग नव्याने वाढलेला नसून तो अंगठ्यामागच्या लांब हाडाचा, म्हणजे पहिल्या प्रपदास्थीचा, बाजूला सरकून उघडा पडलेला माथा आहे. अंगठा बाहेरच्या बाजूस कलतो, तर त्याच्यामागची प्रपदास्थी नेमकी उलट दिशेने, दुसऱ्या पायाच्या बाजूस, झुकते. आणि या दोन कलांच्या सांध्यावर विकृती उभी असते.

यातून पहिला वाद निघाला. मूळ दोष अंगठ्याचा की प्रपदास्थीचा? १९२५ मध्ये अमेरिकेत वॉल्टर ट्रस्लो याने प्रपदास्थीच्या झुकण्याला मूळ कारण मानले. १९३४ मध्ये पॉल लॅपिडस याने त्याच विचाराचा धागा पुढे नेऊन, प्रपदास्थीच्या तळाशी असलेला सांधाच कायमचा जोडून हाड सरळ करण्याची शस्त्रक्रिया मांडली, जी आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. दोष कोठे आहे हे ठरवावयाचे तर तो मोजला पाहिजे, हे उघड होते. आणि १९५१ मध्ये ब्रिटनमध्ये हार्डी आणि क्लॅफम यांनी विकृती असलेल्या पायांची तुलना निरोगी पायांच्या गटाशी करून, दोन्हींचे कोन आणि अंगठ्याच्या मुळाखाली असलेल्या सेसमॉइड या दोन बारीक हाडांचे स्थान सात पायऱ्यांत नोंदवून, या विषयात मोजणीचा पाया घातला.

चित्र कसे घ्यावे

मोजणी कागदावर होत असली, तरी तिचे भवितव्य चित्र घेतानाच ठरून जाते. रुग्ण दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, गुडघे सरळ ठेवून कॅसेटवर उभा राहतो. किरणांची नळी सुमारे एक मीटर अंतरावर, टाचेच्या दिशेने साधारण १५ अंश कलती ठेवतात, जेणेकरून पुढे उतरत गेलेल्या प्रपदास्थींवर किरण जवळजवळ लंब पडावेत. शिवाय बाजूने एक चित्र घेतात, तेही उभ्यानेच. नळीचे अंतर थोडे बदलले तर चित्रातील हाडांची लांबी बदलते, पण त्यांच्यामधील कोन फारसे बदलत नाहीत, आणि लांबीऐवजी कोन मोजण्याची प्रथा पडण्याचे एक सबळ कारण हेच आहे. नळीचा कल किंवा पावलाची ठेवण बदलली तर मात्र कोनही बदलतात.

या तपशिलातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे रुग्णाचे उभे राहणे. पावलावर शरीराचा भार आला म्हणजे त्याचा पुढचा भाग पसरतो आणि पहिल्या दोन प्रपदास्थींमधील कोन सामान्यतः वाढतो. त्यामुळे टेबलावर निजवून घेतलेल्या चित्रात विकृती तिच्या वास्तव रूपापेक्षा सौम्य भासण्याचा धोका असतो. याविषयी तज्ज्ञांत मतभेद जवळजवळ नाही. उभ्याने चित्र घेण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. साध्या एक्स-रे यंत्रापुढे एक मजबूत, सपाट चौथरा, रुग्णाला धरावयास एक कठडा, आणि तंत्रज्ञाला दिलेली स्पष्ट लेखी सूचना पुरते. ‘पायाचा फोटो’ एवढीच चिठ्ठी लिहून दिली तर फोटो निजवूनच निघतो, कारण मोडलेल्या हाडाच्या रुग्णाला निजवूनच घेण्याची तंत्रज्ञाला सवय असते. तेव्हा ‘दोन्ही पाय, उभ्याने, भार देऊन’ हे शब्द चिठ्ठीवर असणे हा शस्त्रक्रियेच्या सिद्धतेचाच भाग समजला पाहिजे.

रेषा आणि हद्दी

चित्र हाती आल्यावर त्यावर तीन रेषा ओढतात: एक अंगठ्याच्या पहिल्या हाडाच्या मध्यातून, दुसरी पहिल्या प्रपदास्थीच्या मध्यातून आणि तिसरी दुसऱ्या प्रपदास्थीच्या मध्यातून. पहिल्या दोहोंमधील कोन हा अंगठ्याचा कोन. तो १५ अंशांच्या आत असला तर सामान्य मानतात. दुसरी आणि तिसरी यांच्यामधील कोन हा प्रपदास्थींचा कोन. तो ९ अंशांच्या आत असावा अशी अपेक्षा असते. रॉजर मान आणि मायकेल कफलिन या अमेरिकन तज्ज्ञांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या प्रचलित वर्गवारीप्रमाणे अंगठ्याचा कोन २० अंशांपर्यंत आणि प्रपदास्थींचा ११ पर्यंत असल्यास विकृती सौम्य, अनुक्रमे ४० आणि १६ पर्यंत मध्यम, आणि त्यापलीकडे तीव्र. काही ग्रंथकार सौम्यतेची मर्यादा ३० अंशांपर्यंत नेतात, ही गोष्ट वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

रेषा ओढणे हे काम दिसते तितके सरळ नाही. मुळशीत जमिनीचे व्यवहार वाढल्यापासून मोजणी हा शब्द घरोघरी परिचित झाला आहे, आणि भूकरमापकाने कोणता दगड हद्दीचा धरला यावर गुंठ्यांचा हिशेब कसा फिरतो हेही इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. हाडांच्या मोजणीतही आरंभबिंदूचा प्रश्न नेमका तसाच आहे. हाड मध्ये निमुळते आणि टोकांना फुगलेले असते. त्याची मध्यरेषा दांड्याच्या दोन बिंदूंतून काढावी, की माथ्याच्या केंद्रातून बुंध्याच्या केंद्राकडे न्यावी? ऑस्ट्रियातील श्नायडर आणि क्नार यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की मोजण्याची पद्धत बदलली की कोनांची मूल्येही बदलतात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या निकालाचा अर्थही त्याबरोबर बदलतो. शस्त्रक्रियेत माथा दांड्यापासून कापून बाजूला सरकवलेला असेल, तर दांड्यातून काढलेली रेषा माथ्याच्या नव्या स्थानाची दखलच घेत नाही, आणि दुरुस्त झालेले पाऊल कागदावर अदुरुस्त दिसू शकते. अमेरिकेतील पाद-घोटा शल्यविशारदांच्या संस्थेने या गोंधळाची दखल घेऊन खास समिती नेमली, आणि कफलिन, साल्झमन व नन्ले यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या अहवालात सांध्यापासून ठराविक अंतरावर, दांड्याच्या दोन ठिकाणी मध्यबिंदू घेऊन रेषा काढण्याची शिफारस केली. शिफारशीमुळे भाषा एक झाली हे खरे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी एक पद्धत आणि नंतर दुसरी वापरून सुधारणा जाहीर करणे आजही अशक्य नाही, म्हणून कोणताही निकाल वाचताना पद्धत कोणती, हा पहिला प्रश्न विचारावा लागतो.

एकाच चित्रावर दोन जाणकारांनी, किंवा एकाच जाणकाराने दोन वेळा, मोजणी केली तर अंगठ्याच्या आणि प्रपदास्थींच्या कोनांतील फरक बहुतेक वेळा ५ अंशांच्या आत राहतो, असे कफलिन आणि फ्रॉइंड यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसून आले, आणि ते समाधानकारक मानले गेले. तरीही या आकड्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. प्रपदास्थींचा कोन मुळातच लहान असतो. समजा, एका रुग्णाचा तो १४ अंश आला. तीन अंशांची तफावत गृहीत धरली तर तोच कोन दुसऱ्या हातून ११ किंवा १७ होऊ शकतो, म्हणजे त्याच पायाची विकृती एका कागदावर सौम्य, दुसऱ्यावर मध्यम आणि तिसऱ्यावर तीव्र ठरते. आता या वर्गवारीवर शस्त्रक्रियेचा प्रकार अवलंबून असतो: सौम्य आणि मध्यम विकृतीत माथ्याजवळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा छेद देणारी शेव्हरॉन पद्धत, जिचे वर्णन ऑस्टिन आणि लेव्हेंटेन यांनी १९८१ मध्ये केले, मध्यम ते तीव्र विकृतीत दांड्याच्या लांबीभर छेद देणारी स्कार्फ पद्धत, आणि तीव्र विकृतीत, किंवा तळाचा सांधा सैल असल्यास, लॅपिडसची पद्धत. एका अंशाने सीमा ओलांडली म्हणून निराळी शस्त्रक्रिया करणे युक्त आहे काय? पहिला पक्ष म्हणतो, सीमा कोठेतरी घालावीच लागते, नाहीतर प्रत्येक शल्यविशारदाची मर्जी हाच नियम होईल. दुसरा पक्ष म्हणतो, सूक्ष्म छिद्रांतून होणाऱ्या नव्या शस्त्रक्रियांमध्ये माथा पूर्वीपेक्षा अधिक सरकवता येत असल्यामुळे जुन्या सीमांचे प्रयोजनच ओसरत चालले आहे. प्रस्तुत लेखकाला पहिल्या पक्षाची भीती रास्त वाटते, पण सीमा या आकड्याऐवजी पट्ट्याच्या रूपात लिहाव्यात, म्हणजे मोजणीतील तफावत लपून राहणार नाही, असेही वाटते.

येथेच आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. सगळ्याच प्रपदास्थी आतल्या बाजूस वळलेल्या असतील, तर दुसरी प्रपदास्थीही पहिलीच्या दिशेने कललेली असते, आणि दोहोंमधील कोन फसवा, लहान येतो. अशा पायात केवळ त्या एका कोनावर विसंबून निर्णय घेतला तर दुरुस्ती अपुरी पडण्याचा संभव असतो.

तिसऱ्या कोनाचा वाद

प्रपदास्थीच्या माथ्यावरील सांध्याचे पृष्ठ स्वतःच बाहेरच्या बाजूस तिरपे असू शकते. ते किती तिरपे आहे हे सांगणारा कोन सामान्यतः १० अंशांच्या आत असावा असे मानतात. १९६० मध्ये पिगट याने पौगंडावस्थेतील आणि तरुण वयातील विकृतीचा अभ्यास करताना सांधा जुळलेला आहे की निसटलेला, हा भेद पुढे आणला होता. सांधा जुळलेला असून अंगठा वाकडा असेल तर दोष पृष्ठाच्या तिरपेपणात आहे, आणि तो दुरुस्त न करता नुसता अंगठा सरळ केला तर जुळलेला सांधाच बिघडेल, असा यामागील तर्क आहे. तर्क निर्दोष आहे. अडचण मोजणीची आहे. पृष्ठाची कड चित्रात नेमकी कोठे संपते हे ठरवताना निष्णात निरीक्षकांतही मोठी तफावत पडते, असे ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये नोंदवले. पुढे २००६ मध्ये रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रपदास्थी आपल्या अक्षाभोवती फिरली किंवा तिचा उतार बदलला की हा कोन नुसत्या त्या कारणानेही बदलतो. म्हणजे चित्रात जो तिरपेपणा दिसतो तो खरोखर हाडातला की केवळ हाड फिरल्यामुळे भासणारा, हे सपाट चित्र सांगू शकत नाही. एक मत असे की हा कोन अविश्वसनीय असल्याने त्याला निर्णयातून वगळावे. दुसरे असे की आकडा अविश्वसनीय असला तरी ज्या दोषाकडे तो बोट दाखवतो तो दोष खरा आहे, तेव्हा शस्त्रक्रियेच्या मेजावर सांधा उघडून प्रत्यक्ष पाहावा. दुसरे मत अधिक सावध आहे.

हाडाचे फिरणे

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वादाचे केंद्र सरकले ते या फिरण्याकडे. जपानमधील ओकुदा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक साधे चिन्ह दाखवले: प्रपदास्थीच्या माथ्याची बाहेरची कड चित्रात टोकदार दिसण्याऐवजी गोल दिसत असेल, तर हाड आपल्या अक्षाभोवती फिरलेले असण्याचा संभव असतो, आणि शस्त्रक्रियेनंतरही ती गोलाई राहिली तर विकृती परतण्याचा धोका वाढतो. २००९ मध्ये त्यांनीच सेसमॉइड हाडे आपल्या जागी पुरती न परतणे हेही तशाच धोक्याचे लक्षण म्हणून नोंदवले. कोरियातील किम आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सीटी चित्रांच्या साहाय्याने पाहिले तेव्हा विकृती असलेल्या बहुसंख्य पायांत हाड फिरलेले आढळले, आणि सपाट चित्रात सरकलेली दिसणारी सेसमॉइड हाडे काही पायांत मुळीच सरकलेली नसून केवळ हाडाबरोबर फिरलेली होती.

याचा अर्थ काय लावावा याविषयी दोन तट आहेत. एका तटाच्या मते विकृती त्रिमितीय असल्याने दुरुस्तीही त्रिमितीय हवी, आणि सपाट चित्रावरील दोन कोनांच्या आधारे निर्णय घेणे हे अपुऱ्या पुराव्यावर फैसला देण्यासारखे आहे. उभ्या रुग्णाचे सीटी चित्र घेणारी यंत्रे आता उपलब्ध असताना त्यांचा उपयोग करावा. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की निरोगी पायांतही हे हाड काही अंशी फिरलेले असते, तेव्हा किती फिरणे रोगट हे ठरल्याशिवाय ते दुरुस्त करण्याची घाई करू नये. शिवाय हाड फिरवून बसवल्याने रुग्णाला दीर्घकाळ अधिक सुख मिळते, याचा पुरावा अजून पक्का झालेला नाही. हा वाद आज खुला आहे, आणि तो मिटेपर्यंत माथ्याची कड आणि सेसमॉइडचे स्थान साध्या चित्रावरूनही नोंदवून ठेवणे प्रत्येकाच्या आवाक्यातले आहे.

कोनमापक आणि पेन्सिल यांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, मोबाइलवर कोन मोजणारी साधने निघाली, आणि आता चित्र पाहून आपोआप रेषा ओढणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणालीही आली. या साधनांनी वेळ वाचतो आणि उत्तरांत सातत्य येते. निजवून घेतलेल्या चित्रावर मात्र यंत्रही निजलेल्या पायाचाच कोन काढील.

अंश आणि वेदना

या सर्व मोजणीचा रुग्णाच्या दुःखाशी संबंध किती, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर सर्वांत अनिश्चित. थॉर्डर्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे परीक्षण केले तेव्हा कोनांचे आकडे आणि रुग्णाला लाभलेले समाधान यांत सुसंगत नाते आढळले नाही. याच्या उलट, मेन्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ब्रिटनमधील लोकवस्तीच्या पाहणीत, रुग्णांनी रेखाचित्रांवरून स्वतःच ओळखलेल्या विकृतीची तीव्रता जितकी अधिक तितके जीवनमान खालावलेले, असे दाखवले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडतातच असे नाही: एक शस्त्रक्रियेला आलेल्यांविषयी आहे, दुसरा गावातल्या सर्वांविषयी. फिनलंडमध्ये टॉर्की आणि सहकाऱ्यांनी २०९ रुग्णांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत, एका वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा गट पायातील आधाराच्या आणि नुसत्या प्रतीक्षेच्या गटांपेक्षा कमी वेदनेत होता, यावरून योग्य रुग्णाला शस्त्रक्रियेने लाभ होतो हे मान्य करावे लागते. शस्त्रक्रिया करावी की नाही हे वेदनेने, चालण्याच्या अडचणीने आणि रुग्णाच्या इच्छेने ठरावे, आणि ठरल्यावर कोणती करावी हे कोनांनी. केवळ कोन मोठा आहे म्हणून न दुखणाऱ्या पायावर शस्त्र चालवू नये, या बाबतीत बहुतेक जाणकारांचे एकमत आहे.

संदर्भमूल्ये कोणाच्या पायांची?

आता मुळशीकडे. निक्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार १८ ते ६५ वयोगटात सुमारे २३ टक्के आणि त्यापुढील वयात सुमारे ३५.७ टक्के लोकांत ही विकृती आढळते, आणि स्त्रियांत ती अधिक. पण पादत्राणांनी हे प्रमाण किती बदलते, याचा एक जुना दाखला फार बोलका आहे: १९५८ मध्ये हाँगकाँगच्या लॅम सिम-फूक आणि हॉजसन यांनी चिनी लोकांत केलेल्या तुलनेत बूट घालणाऱ्यांत ती ३३ टक्के आणि अनवाणी राहणाऱ्यांत अवघी १.९ टक्के आढळली. भारतातही अनवाणी पायांचा अभ्यास झालेला आहे. मणिपालचे डॉ. बेंजामिन जोसेफ आणि राव यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली २,३०० मुलांची पाहणी सपाट तळव्यांविषयी होती आणि लहानपणापासून बूट घालणाऱ्यांत सपाट तळवे अधिक, असा तिचा निष्कर्ष होता. तर २००९ मध्ये द’आऊट आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील नित्य अनवाणी चालणाऱ्यांची पावले मोजली, ती बूट घालणाऱ्यांच्या मानाने पुढून रुंद भरली.

पावलाचा पुढचा भाग जन्मभर मोकळा पसरत राहिला असेल, तर पहिल्या दोन प्रपदास्थींमधील अंतरही स्वाभाविकपणे अधिक असू शकेल, आणि मग ९ अंशांची जी मर्यादा मुख्यतः बूट घालणाऱ्या समाजांच्या पायांवरून आली, तिच्यापलीकडचा कोन खाचरात राबणाऱ्या बाईच्या बाबतीत विकृतीचा पुरावा मानावा काय, हा प्रश्न उरतो. उलट हिंजवडीच्या नोकरदाराला तीच मर्यादा चपखल लागू पडण्याचा संभव अधिक. हे केवळ तर्काचे काम नाही. मोजून पाहण्याचे आहे, आणि मोजून पाहावयास हा तालुका अतिशय सोयीचा आहे, कारण दोन्ही प्रकारचे पाय इथे तासाभराच्या अंतरात भेटतात, लवळ्यास सिम्बायोसिसचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, आणि पौडास तालुक्याचे ठाणे आहे. त्यासाठी न दुखणाऱ्या, न वाकलेल्या पायांची उभ्याने घेतलेली चित्रे हवीत. कोणत्या बिंदूंतून रेषा काढल्या हे चित्रागणिक लिहून ठेवलेले हवे. आणि प्रत्येकाची पादत्राणांची सवय, विशेषतः वयाच्या पहिल्या दहा वर्षांतली, विचारून नोंदलेली हवी. पायाच्या एका चित्रातील किरणांची मात्रा अत्यल्प असते, तरी निरोगी माणसाला ते चित्र काढावयास सांगताना त्याची लेखी संमती घेणे आणि हेतू मराठीतून समजावून सांगणे आवश्यक आहे. असा संग्रह सिद्ध झाला तर तळाचा सांधा जोडावा की माथा सरकवावा हा निर्णय घेताना शल्यविशारदाला इथल्याच पायांचे कोन समोर ठेवता येतील.